अकस्मात उजळणारे धूमकेतू



शेंडेनक्षत्र दिसले की राजावर अरिष्ट येते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. एडमंड हॅले यांनी १७०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांचे गणित मांडले आणि त्यांचे येणे-जाणे ग्रहणासारखे आधी सांगता येऊ लागले. तथापि, धूमकेतू कोठे असेल हे सांगणारे गणित तो किती तेजस्वी असेल हे मात्र खात्रीने सांगू शकत नाही.

६ नोव्हेंबर १८९२ रोजी लंडनचे हौशी निरीक्षक एडविन होम्स देवयानी दीर्घिका शोधत असताना त्यांना तिच्या जवळच एक अनोळखी तेजस्वी ठिपका दिसला. तो धूमकेतू पुढे १९०६ नंतर हरवला आणि १९६४ मध्ये पुन्हा सापडला. सुमारे साडेतीन किलोमीटर व्यासाचा हा हिमगोल. त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये तो सतराव्या प्रतीचा, म्हणजे मोठ्या दुर्बिणीतूनच दिसण्याजोगा होता. २४ ऑक्टोबरला तो एकाएकी उजळलेला आढळला आणि सुमारे बेचाळीस तासांत त्याचे तेज पाच लक्ष पटींनी वाढले! कोजागिरीच्या चांदण्यातही ययाति तारकासमूहात तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. दिवाळीपर्यंत त्याच्या धुळीचा गोल सूर्याहूनही मोठा झाला.

असे का घडले? कोणत्या तरी अशनीची धडक बसली, हे उत्तर सोपे. परंतु १८९२ चा उद्रेकही सूर्याजवळून गेल्यावर सुमारे पाच महिन्यांनीच झाला होता. धडका अशा वेळ पाळून बसत नाहीत. पोटातील बर्फाची रचना बदलून उष्णता सुटते, वायू कोंडतो आणि वरचे कवच फुटते, हे स्पष्टीकरण अधिक पटते. मात्र ते पडताळण्यास उद्रेकाचे पहिले काही तास हवेत, आणि नेमके तेच हातून निसटतात.

हे तास पकडण्याचे काम आता आकाश-सर्वेक्षणे करतात. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरील ४८ इंची दुर्बिणीवर २०१८ मध्ये ‘झ्विकी’ सर्वेक्षण सुरू झाले. तिच्या एका छायाचित्रात पूर्ण चंद्राची दोनशेहून अधिक बिंबे मावतात. दोन-तीन रात्रींत उत्तरेचे आकाश पुन्हा टिपले जाते. नव्या चित्रातून जुने वजा केले की स्थिर तारे गळून पडतात व बदललेले तेवढे उरते. धूमकेतूचे अंतरानुसार अपेक्षित तेज आणि प्रत्यक्ष तेज यांचा ताळा न जुळल्यास संगणक सूचना देतो. व्यापारी रोजकीर्द लिहितो तशीच ही नोंद: शांत रात्रींच्या नोंदी असल्या तरच उद्रेकाची घटका ठरते. विर्टानेन धूमकेतूच्या २०१८ च्या फेरीतील सहा छोटे उद्रेक असे हाती लागले. नुसत्या डोळ्यांना त्यांतील एकही जाणवला नसता.

प्रत्येक उद्रेकाचे कारण एकच असते असे नाही. १० जुलै २०१५ रोजी रोझेटा यानाने ज्या धूमकेतूची धूळ उडताना पाहिली, तेथे एक कडा कोसळून आतील शुभ्र बर्फ उघडे पडले होते. गुरूच्या पलीकडील श्वासमान–वाखमान धूमकेतू तर १९२७ मध्ये सापडल्यापासून वर्षातून अनेकदा उजळतो. तेथे पाण्याचे बर्फ वितळण्याइतकेही ऊन नाही. त्याच्याबाबत हे कोडे अद्याप पूर्ण सुटलेले नाही. चिलीतील रुबिन वेधशाळेच्या ८.४ मीटर दुर्बिणीची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. सूर्यापासून इतक्या दूरचे मंद उद्रेकही तिच्या टप्प्यात येतील.