आजोळची पुण्याई
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



नांदगाव पेठेतील आपल्या मंदिराचे जीर्णोद्धाराचे काम ईश्वरकृपेने पार पडले. भिंती नव्या झाल्या, कळस चढला, देणगीदारांची नावे फरशीवर कोरली गेली. ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी देवळाला पैसा नव्हे, तर आयुष्य दिले, अशा म्हाताऱ्या बायांची नावे कोणत्याही फरशीवर नसतात. पहाटे देवळाचा ओटा झाडणारी, पदरात चार फुले घेऊन येणारी, नातवाला उचलून त्याचा हात घंटेला लावणारी आजी हीच देवळाचा खरा आधार असते. अशाच एका आजीचे आजच्या मंगल प्रसंगी स्मरण करणे उचित होईल.

संत गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, लोणी टाकळी या त्यांच्या आजोळगावी झाला. वडील गोंदुजी मोहोड हे माधानचे, आई अलोकाबाई. घर कुणब्याचे, शेतीचे. बाळ नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांवर चुकीचा औषधोपचार झाला आणि दृष्टी कायमची गेली. पुढे चार वर्षांचे झाले, तो आई वारली. त्यानंतर सुमारे सहा वर्षे त्यांचा सांभाळ लोणी टाकळीला आजीने, म्हणजे आईच्या आईने केला.

सज्जनहो, या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. त्या माउलीची पोटची लेक गेली होती. लेकीच्या मागे राहिलेले पोर आंधळे. तो काळ असा, की आपल्या भागात अंधांसाठी शाळा नाही, बोटांनी वाचायची लिपी नाही. शेतकऱ्याच्या घरात हाताला काम असलेला माणूस मोजला जाई. नांगर धरता येत नाही, गुरे वळता येत नाहीत, अशा मुलाचे पुढे काय होणार, हा प्रश्न गावात कोणालाही पडला असता. आजीने लेकीचे दुःख गिळले आणि नातवाला जवळ केले. जेवू घालणे, न्हाऊ घालणे, हाताला धरून अंगणात नेणे, ही तिची सेवा. त्या सेवेची नोंद कोणत्याच दप्तरात होत नसते.

डोळे नसलेल्या मुलाला जग कळते ते कानांनी. वऱ्हाडातल्या घरात तेव्हा कानांवर काय पडे? पहाटे जात्याची घरघर व त्यावरच्या ओव्या, सांजेला दिव्यापुढची प्रार्थना, एकादशीचे भजन, देवळातली पोथी. पाटी-पेन्सिल हाती न घेता अशा घरात मुलाच्या मनावर देवाचे नाव उमटते. दहाव्या वर्षाच्या आसपास या बालकाची स्मरणशक्ती आणि शास्त्रज्ञान पाहून लोक चकित होऊ लागले. पुढे इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन ते ध्यानात ठेवायचे आणि स्वतःचे ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घ्यायचे, हा महाराजांचा क्रम झाला. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी समाचार घेतला. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. जग त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणते.

गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवीत. ज्याची आई चौथ्या वर्षी गेली, त्याला माउली या शब्दाची गोडी कोणी लावली असेल? विद्वान याचा अर्थ शास्त्राने लावतील. परंतु आईविना पोराला आजीने पोटाशी धरले, तेथेच त्याला माउली म्हणजे काय ते प्रथम कळले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

गाडगेबाबांचेही तसेच. १८८४ साली वडील वारल्यावर आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. आजोळच्या शेतात, गुरांमागे तो मुलगा वाढला आणि पुढे हाती खराटा घेऊन त्याने गावेच्या गावे झाडली. वऱ्हाडाच्या या दोन संतांना पडत्या काळात आजोळाने आसरा दिला, हे आपण विसरू नये.

आज आपल्या गावाला लागून नागपूरचा महामार्ग आहे, एमआयडीसी आहे. आई-बाप पाळीवर कामाला जातात आणि लेकरे घरी बुढ्या मायजवळ राहतात. म्हणजे काळ बदलला तरी आजीचे काम संपलेले नाही. मात्र तिच्याजवळ बसायला पोराला सवड नाही, आणि तिचे ऐकायला सुनेला व लेकालाही नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर ती दिवसभर कोणाच्या तरी बोलण्याची वाट पाहते. शेत वारसांच्या नावे व्हायला फेरफार लागतो. आजीजवळच्या श्रद्धेला तो लागत नाही. पण घेणारा जवळ बसला नाही, तर ती तिच्याबरोबरच जाते.

म्हणून या प्रसंगी एकच विनंती आहे. नव्या मंदिरात दर्शनाला येताना घरच्या म्हातारीला हाताला धरून आणावे. तिला पायरी चढवत नसेल, तर नातवाने आधार द्यावा. एके काळी तिने त्याला घंटेपर्यंत उचलले होते. ते ऋण पायरीपायरीने फिटेल आणि आपला जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

जय गुरुदेव!