लोणावळ्याने शिक्षकांपुढे ठेवलेला प्रयोग



आंदर मावळात वा पवन मावळात दोनशिक्षकी शाळा सांभाळणाऱ्या गुरुजींची खरी अडचण एकटेपणाची असते. दोन-दोन इयत्ता एकत्र शिकविताना सुचलेली युक्ती उपयोगी पडली, की तसा केवळ भास झाला, हे सांगणारे जवळ कोणी नसते. वर्षे सरतात, अनुभव साठतो. पण तो पारखला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या चरित्रात सापडते, असा एक शिक्षक मावळातच, लोणावळ्यास, येऊन राहिला. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या आत्मसात केली. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींनी त्यांना योगमार्ग दाखविला. एवढ्या शिदोरीवर एखाद्याने जन्मभर प्रवचने केली असती!

गुणे यांनी मात्र बडोद्याच्या रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राचा आश्रय घेतला. आपल्याच काही विद्यार्थ्यांच्या साह्याने त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, हा योग्यांचा अनुभव जुनाच होता. त्याचे कारण मोजमापाने हाती आले: नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. या अवस्थेला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले. गुरूंची परंपरा, शिष्यांचे सहकार्य आणि पाश्चात्त्यांचे यंत्र या तिन्हींचा संगम झाला, तेव्हा हे ज्ञान हाती आले. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' एवढे म्हणून थांबणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. परंपरेवर गुणे यांची श्रद्धा इतकी दृढ होती, की तिला परीक्षेला बसविताना त्यांना भय वाटले नाही.

१९२४ साली कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक निघाले. प्रयोग कसा केला, काय आढळले, हे छापून जगापुढे ठेवले गेले. ज्याला शंका असेल त्याने पडताळून पाहावे!

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाकाठी किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. हे तास व्याख्याने ऐकण्यात आणि हजेरीपटावर सही करण्यात सहज संपतील. त्याऐवजी नाणे मावळातील एखाद्या शिक्षिकेने केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपल्या वर्गाच्या वह्या आणाव्यात. हातच्याची वजाबाकी मुले नेमकी कोठे चुकतात, ते दाखवावे. शेजारच्या शाळेतील दोघांनी तिचा पाठ पाहावा, तिची युक्ती आपल्या वर्गात करून पाहावी आणि पुढच्या परिषदेला आपल्या मुलांच्या वह्या घेऊन यावे.