काजूच्या शेडमधली हवा आणि निळा दिवा

आम्ही दापोली तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमचं छोटंसं काजू युनिट आहे.

गेल्या पावसात आमच्यातली एक तापली आणि आठ दिवसांत सोलायला बसणाऱ्या निम्म्या बाया घरी बसल्या. शेडच्या खिडक्या बंद होत्या. उघड्या ठेवाव्यात तर तिरका पाऊस आत येतो आणि गर सादळतो. मग गर सांभाळायचा की माणूस?

तेवढ्यात एक विक्रेता आला. निळ्या उजेडाची नळी दाखवून म्हणाला, "ताई, ही भिंतीला लावा, विषाणू खलास!" पैसे गटाच्या बचतीतून जाणार होते, म्हणून आम्ही आधी चौकशी केली.

दिवा खोटा नाही बरं. त्यातून अतिनील किरण निघतात, त्यातला सी प्रकार. हे किरण विषाणूच्या गाभ्यावर घाव घालतात, मग त्याची वाढच होत नाही. उन्हातले हे किरण वर ओझोनच्या थरातच अडतात, आपल्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दिवा लागतो. अमेरिकेत बाल्टिमोरला 1950 नंतरच्या काळात डॉ. रायली यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळातून गिनी पिगांच्या पिंजऱ्यांकडे सोडली. गिनी पिग म्हणजे सशाएवढा नाही, त्याहून लहान प्राणी. साध्या हवेतल्या प्राण्यांना क्षय झाला. ज्यांची हवा आधी या दिव्यांखालून गेली, त्यातल्या एकालाही झाला नाही. आपल्याकडे कोरोनाच्या काळात चंदिगढच्या सरकारी प्रयोगशाळेने अशीच यंत्रणा केली, ती संसद भवनातल्या हवेच्या नळांसाठी वापरायचं ठरलं.

आता "नळ" हा शब्द लक्षात ठेवा. दिवा नळाच्या आत असतो, सगळी हवा त्याच्या जवळून जाते आणि माणसाच्या डोळ्यांना तो दिसत नाही. आमच्या शेडला ना एसी, ना नळ. उघडा दिवा भिंतीला लावला आणि त्याखाली आम्ही सोलत बसलो, तर डोळे आणि कातडी भाजणार. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तसंच. दवाखान्यांत असे दिवे छताजवळ लावतात, पण उजेड फक्त वरच्या वर राहील अशी आडोशाची रचना असते आणि जाणकाराने मापून लावलेले असतात. शिवाय दिव्यावर धूळ बसली की काम मंदावतं, आणि काही महिन्यांनी जोर उतरला तरी तो निळाच दिसतो.

आम्ही त्या दादांना विचारलं, "नळ कुठेय? खाली बसलेल्या बाईच्या डोळ्यांचं काय?" उत्तर आलं नाही. आणि लाइटचं काय? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस लाइट नव्हती, ते आम्ही विसरलेलो नाही.

मग त्याच पैशात बाहेर हवा फेकणारा पंखा घेतला. पहिल्यांदा तो पावसाच्या बाजूला बसवला, फवारा आत! आता तो उलट्या बाजूला आहे, खिडक्याही तिकडच्याच उघडतो. सुकवलेला गर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि सोलण्यापुरताच बाहेर काढतो. जिला खोकला असेल ती पडवीत बसून वर्गवारी करते. तिची मजुरी कापत नाही, नाहीतर कोण सांगेल खोकला आहे म्हणून?