लिंकनचा रस्टन कारखाना : वाफेच्या इंजिनापासून ऑईल इंजिनापर्यंत

(शेती यंत्रे व अवजारे या विषयावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहिरीवर इंजिन बसविताना आपण अश्वशक्ती पाहतो, किंमत पाहतो, डिझेल किती लागते ते विचारतो. ज्या कारखान्यातून ते आले तो ऐन हंगामात सुटा भाग देईल का, आणखी दहा वर्षांनी तो कारखाना असेल का, हा विचार मात्र इंजिन बंद पडल्यावर सुरू होतो. म्हणून आज एका जुन्या इंग्रजी कारखान्याची हकीकत सांगतो. 'रस्टन' हे नाव आपल्यातील वयस्कर मंडळींनी इंजिनावर वाचलेले असेल.

इंग्लंडच्या पूर्वेकडे लिंकनशायर हा धान्य पिकविणारा मुलूख आहे. तेथे लिंकन शहरात बर्टन आणि प्रॉक्टर या दोघांचा गिरण्यांच्या यंत्रांचा व लोहारकामाचा लहानसा धंदा होता. १८५७ साली जोसेफ रस्टन हा बावीस वर्षांचा तरुण त्यांचा भागीदार झाला. हा शेतकऱ्याचा मुलगा; शेफील्डला चाकू-कात्र्यांच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेला. त्या वेळी मळणीसाठी वाफेच्या इंजिनांना मागणी वाढत होती आणि त्याच शहरात १८४२ साली निघालेला क्लेटन अँड शटलवर्थ हा कारखाना ती पुरवीत होता.

ते इंजिन म्हणजे चाकांवर बसविलेला आडवा बॉयलर, त्यावर सिलिंडर आणि बाजूला मोठे फ्लायव्हील. घोडे जुंपून ते खळ्यावर न्यायचे, एका जागी पक्के उभे करायचे आणि फ्लायव्हीलवरून मळणी यंत्राला पट्टा द्यायचा. गिरण्यांसाठी पक्क्या पायावर बसविण्याची इंजिनेही पुढे रस्टनच्या कारखान्यात होऊ लागली.

रस्टनचे म्हणणे असे की, मागणीची वाट न पाहता काही इंजिने आगाऊ बनवून ठेवावीत. बर्टनला हे धाडस पटले नाही. तो त्याच वर्षी भागीदारीतून बाहेर पडला. बर्टनची भीती अगदीच चुकीची नव्हती. माल खपला नाही तर भांडवल अडकते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असते. परंतु शेतकरी इंजिन मागतो ते पीक कापणीला आल्यावर. तेव्हा नाव नोंदवून मग लोखंड ओतायला घेतले, तर इंजिन मिळणार पुढच्या हंगामात! शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे रस्टनला हे वेळापत्रक कळले असावे, असे मला वाटते. रस्टन, प्रॉक्टर आणि कंपनी या नावाने धंदा वाढला आणि इंजिने परदेशी जाऊ लागली. रशियाच्या उघड्या मैदानांत कोळसा नाही, लाकूड नाही. तेव्हा मळलेल्या गव्हाचे काडच भट्टीत घालता येईल अशी इंजिने इंग्रज कारखानदारांनी तयार केली. आपले साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून वाफ करतात, तशीच ही रीत.

पण वाफेचे काम जिकिरीचे. काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी भट्टी पेटवावी लागे. पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये खार धरे. पाण्याची पातळी खाली गेली आणि लक्ष राहिले नाही, तर बॉयलर फुटून जीव जाण्याची भीती. त्यासाठी जाणता माणूस सतत जवळ हवा. मोठ्या जमीनदाराला किंवा भाड्याने मळणी करणाऱ्याला हे परवडे. एका विहिरीच्या धन्याला कसे परवडावे?

याचे उत्तर शेजारच्या ग्रँथम गावी तयार झाले. तेथील रिचर्ड हॉर्न्सबी यांचा कारखाना १८१५ सालचा, त्यांचीही वाफेची इंजिने नावाजलेली. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी शोधलेले खनिज तेलावर चालणारे इंजिन त्यांनी १८९२ पासून बाजारात आणले. सुरुवातीला दिव्याच्या ज्योतीने इंजिनाचा गोळा काही मिनिटे तापवायचा; एकदा इंजिन चालू झाले की तो आपोआप तापलेला राहतो आणि आत आलेले तेल पेट घेते. बॉयलर नाही, कोळसा नाही. रूडॉल्फ डिझेल यांचे अधिक दाबाचे आणि कमी तेलात चालणारे इंजिन यशस्वी ठरले ते १८९७ साली.

१९१८ साली हे दोन कारखाने एकत्र येऊन रस्टन अँड हॉर्न्सबी कंपनी झाली. म्हणजे वाफेचा जमाना ओसरत असताना रस्टनच्या हाती तेलाचे इंजिन आले. क्लेटन अँड शटलवर्थची गोष्ट मात्र वेगळी झाली. पहिले महायुद्ध आणि १९१७ ची रशियन क्रांती यांमुळे पूर्व युरोपातील त्यांचे गिऱ्हाईक तुटले आणि १९३० साली त्यांचा मळणी यंत्रांचा धंदा मार्शल कंपनीकडे गेला. ज्यांच्या खळ्यावर त्यांची इंजिने उभी होती, त्यांनी सुटे भाग कोणाकडे मागायचे?

रस्टन अँड हॉर्न्सबीही १९६६ साली इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीकडे गेली. तिने सुरू केलेले गॅस टर्बाइनचे काम लिंकनमध्ये चालू राहिले आणि २००३ साली ते सीमेन्सने घेतले.

आपल्याकडे रस्टन अँड हॉर्न्सबी (इंडिया) या नावाने चिंचवडला इंजिनांचा कारखाना होता आणि त्याआधीच, १९४६ साली, पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली होती. मोट सुटली आणि बैल विहिरीवरून मोकळे झाले, ते या तेलाच्या इंजिनांमुळे. वाफेचे इंजिन साध्या शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत कधी पोहोचलेच नाही.