वैद्याचे पदवीनंतरचे शिक्षण



प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी आणि लहान गावांतून स्वतंत्रपणे व्यवसाय करणारे डॉक्टर ह्यांच्यापुढे बोलण्याची संधी आपण मला दिलीत, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझे बहुतेक आयुष्य वैद्यकीय महाविद्यालयात शिकविण्यात गेले आणि त्यातला पुष्कळसा काळ आपल्यासारख्यांसाठी उद्बोधन वर्ग घेण्यात गेला. तेव्हा आज मी जी टीका करणार आहे, तिचा पहिला धनी मीच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

२००५ साली एका जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांच्या अतिसारावर मी दोन तास व्याख्यान दिले. वर्गापूर्वी एक छोटी प्रश्नपत्रिका दिली होती, वर्गानंतर पुन्हा तीच दिली. गुण चांगलेच वाढले होते आणि मी समाधानाने परतीच्या प्रवासाला निघालो. वाटेत वर्गातल्याच एका डॉक्टरांनी आग्रहाने चहाला बोलाविले. त्यांच्या दवाखान्यात बसलो असता एका बाईने दीड वर्षाचे मूल आणले. दोन दिवस पातळ जुलाब होत होते, डोळे किंचित ओढलेले होते, पण मूल पाण्यासाठी हात पुढे करीत होते. डॉक्टरांनी एक प्रतिजैविक लिहिले, जुलाब थांबविणारे एक पातळ औषध लिहिले आणि एक इंजेक्शन दिले. जलसंजीवनीची पुडी त्या कागदावर नव्हती. आदल्या दिवशीच्या परीक्षेत ह्याच गृहस्थांना सर्वांत अधिक गुण मिळाले होते.

बाई गेल्यावर मी विचारले. ते मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, “सर, पुडी लिहून दिली तर ती म्हणेल, डॉक्टरांनी औषधच दिले नाही. उद्या ती पलीकडच्या गल्लीत जाईल.” त्यांना अज्ञानी म्हणण्याची सोय नव्हती, जे मी शिकविले ते सारे त्यांना येत होते. मग मी दोन तास नेमके काय केले, हा प्रश्न तेव्हापासून माझा पाठलाग करीत आहे.

ह्या पुडीचाच इतिहास घेऊ. तो आपल्या देशात घडला आहे, आणि वैद्यकातील नवे ज्ञान वैद्यांपर्यंत कसे पोचते वा पोचत नाही, हे त्यातून जितके उमगते तितके अन्य कशातून क्वचितच उमगेल. पटकीने ग्रासलेले आतडे नुसते मीठ आणि पाणी शोषून घेऊ शकत नाही. परंतु साखरेच्या जोडीने मीठ आत घेण्याची वाट त्या आजारातही उघडी राहते आणि मिठामागोमाग पाणी जाते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनी तोंडावाटे असे द्रव देऊन पटकीचे रुग्ण बरे केल्याचा वृत्तांत १९५३ सालीच ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात छापला होता. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश ह्यांनी हा उपचार पद्धतशीरपणे सिद्ध केला. तरीही शिरेवाटे सलाईन हाच खरा उपचार, अशी बहुतेक रुग्णालयांची धारणा कायम राहिली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेलगतच्या बनगावात पटकीची साथ उसळली. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महलानबीस तेथे पोचले, तेव्हा रुग्ण जमिनीवर, मळाच्या आणि वांतीच्या थारोळ्यात पडलेले होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि शिरेत सुई घालू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण कलकत्त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून भरून आणविले आणि छावणीत पिंपांत कालविले. पाजण्याचे काम आईने, भावाने, शेजाऱ्याने करायचे. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. हा उपचार मिळालेल्या रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले. हा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध झाला. महलानबीस २०२२ च्या ऑक्टोबरात निवर्तले.

ह्या कथेतील धैर्याचे कौतुक आपण नेहमीच करतो. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. हा उपचार शिकायला त्या आयांना एक दिवसही लागला नाही. आम्हां पदवीधरांना कित्येक दशके लागली आणि अजूनही लागत आहेत. आयांजवळ सोडून देण्यासारखे काही नव्हते. आमच्याजवळ सलाईन होते, सलाईन लावण्याचे कौशल्य होते, त्या कौशल्याभोवती बांधलेली प्रतिष्ठा होती, आणि खाजगी व्यवसायात त्याचे पैसेही होते.

येथे एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. वैद्याने नवी माहिती मिळवायची गरजच नाही, असे का मला म्हणायचे आहे? मुळीच नाही. ह्याच पुडीचे घ्या. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचे प्रमाण बदलले. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करून द्रावणाची तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली. २००४ साली जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आली: दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्यास २०, आपल्याकडे चौदा दिवस. ज्याने १९९५ साली पदवी घेतली, त्याच्या पाठ्यपुस्तकात ह्यातले काहीही नव्हते. त्याला हे कोणीतरी सांगितलेच पाहिजे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अतिसार झालेल्या सुमारे ६१ टक्के बालकांना जलसंजीवनी मिळाल्याचे दिसले, जस्त मात्र सुमारे ३१ टक्क्यांनाच. जी बाब नंतर आली ती मागे राहिली. ह्यात औषधपुरवठ्याचाही दोष आहे, पण सांगण्याच्या कामात आपण कमी पडलो, हेही त्यात आहे.

परंतु सांगणे आणि घडणे ह्यांतील अंतर सांगण्याने भरून निघत नाही. परिषदा, व्याख्याने, कार्यशाळा ह्यांचा वैद्याच्या प्रत्यक्ष वागणुकीवर काय परिणाम होतो, ह्याविषयीचे २१५ अभ्यास एकत्र करून २०२१ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सुधारणा दिसली ती शंभरांत सहा-सात इतकी. ती शून्य नाही, आणि लाखो रुग्णांच्या हिशेबात तिला मोल आहे. पण आमच्या टाळ्यांच्या मानाने ती फारच थोडी आहे.

बंगालातच बीरभूम जिल्ह्यात झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. पदवी नसलेल्या ३०४ ग्रामीण उपचारकांपैकी सोडत काढून निवडलेल्यांना नऊ महिन्यांत ७२ सत्रांचे शिक्षण दिले गेले. मग रुग्णाचे सोंग घेतलेली माणसे त्यांच्याकडे पाठविण्यात आली. शिकलेल्यांचे उपचार अधिक वेळा बरोबर ठरले. अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके मात्र जराही कमी झाली नाहीत. ते पदवीधर नव्हते, म्हणून हा निष्कर्ष आपल्याला लागू नाही असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणण्याची घाई करणार नाही.

मग अडते कोठे? २०२४ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ह्या प्रश्नाला थेट हात घातला. कर्नाटक आणि बिहारमधील २५३ गावांतल्या दोन हजारांहून अधिक खाजगी उपचारकांकडे, घरी दोन वर्षांचे मूल अतिसाराने आजारी आहे असे सांगणारी माणसे पाठविली गेली. काहींनी प्रतिजैविकाची इच्छा दाखविली, काहींनी काहीच दाखविली नाही, आणि काहींनी पूर्वी वापरलेल्या जलसंजीवनीच्या पुडीचे चित्र पुढे केले. ज्यांनी पुडीची इच्छा दाखविली त्यांना ती मिळण्याचे प्रमाण शंभरांत २७ नी वाढले. इतर औषधे विकून होणारा नफा किंवा दुकानातील पुड्यांची टंचाई ह्यांचा वाटा त्यामानाने अगदी लहान निघाला. रुग्णाला पुडी नकोच आहे, ही उपचारकाची समजूत हेच मोठे कारण ठरले, आणि ती समजूत बव्हंशी चुकीची होती. माझ्या त्या यजमान डॉक्टरांनी एकोणीस वर्षांपूर्वी मला हेच सांगितले होते. मी ते सबब म्हणून ऐकले. तो रोगाच्या निदानाइतका महत्त्वाचा पुरावा होता, हे मला कळले नाही.

सरकारी नियमांविषयी दोन शब्द बोलतो, अधिक नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी पाच वर्षांत किमान ३० तास असे शिक्षण घ्यावे, असे म्हटले. ती परिषद २०२० साली जाऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याने २०२३ साली काढलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. काही राज्यांच्या परिषदांनी, त्यांत महाराष्ट्राचीही आली, हे तास नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडले आहेत. तास मोजणे सोपे असते, म्हणून तास मोजले जातात. शहरातल्या हॉटेलात दोन दिवस बसून ते मिळतात. आरोग्य केंद्रात एकटा असलेला अधिकारी मात्र तेथे गेला तर मागे बाळंतपणाला कोणी नसते. आणि त्या हॉटेलाचे भाडे कोण भरतो, हेही एकदा विचारून पाहावे. औषध कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना २००९ साली मनाई झाली. सभागृहाच्या भिंतींवरील फलक मात्र माझ्या पाहण्यात कधी कमी झाले नाहीत.

ह्याहून वेगळी एक रीत मला पसंत आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा ह्यांच्याकडे ‘क’ प्रकारच्या काविळीचे रुग्ण महिनोन् महिने ताटकळत असत. २००३ सालापासून त्यांनी दूरच्या गावांतील सामान्य डॉक्टरांना आठवड्यातून एकदा दूरचित्रपडद्यावर एकत्र आणले. प्रत्येकाने आपलाच रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी त्यावर बोलायचे, आणि उपचार त्या गावीच व्हायचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, तर गावोगावच्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. पडद्याला मी फारसे महत्त्व देत नाही. ज्याचा रुग्ण त्याचाच प्रश्न, आणि पुढच्या आठवड्यात त्याच रुग्णाचे काय झाले हे सांगण्याची जबाबदारी, ह्यात खरी मेख आहे. माझ्या व्याख्यानात ह्यातले काहीच नव्हते. मी बसने परत गेलो आणि माझे काम संपले.

पुढे काही वर्षांनी मी वर्गाची रीत बदलली. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोंदवहीतील अतिसाराचे शेवटचे वीस रुग्ण कागदावर उतरवून आणायचे: काय दिले आणि का दिले. प्रथम फार विरोध झाला. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले की ही तपासणी आहे, शिक्षण नव्हे. त्यांचे अगदीच चूक होते असे नाही. म्हणून कागदावर नाव लिहायचे नाही असे ठरले आणि माझ्या स्वतःच्या बाह्यरुग्ण विभागातील वीस नोंदी मी सर्वांत आधी वाचून दाखविल्या. त्यांतील सात मला लाजविणाऱ्या होत्या. त्यानंतर सभागृहात जी चर्चा झाली, तशी माझ्या कोणत्याही व्याख्यानानंतर झाली नव्हती.

त्या वर्गाला माझे जुने यजमानही आले होते. मी त्यांना एकच काम दिले: महिनाभर प्रत्येक आईला, कागदावर काहीही लिहिण्यापूर्वी, “घरी पुडी दिलीत का? पुन्हा हवी का?” एवढे विचारायचे आणि उत्तर टिपून ठेवायचे. महिन्यानंतर त्यांचे पत्र आले. पत्रात आकडे होते, थोडी नाराजी होती, आणि खाली लिहिले होते की बऱ्याच बायकांनी पुडी घरी आधीच दिली होती. डॉक्टर काही बोलत नाहीत, म्हणून त्याही बोलत नव्हत्या.