कापलेले पैसे आपलेच

दसरा झाला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या तयारीला लागल्या. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी चढायच्या आत आज आम्ही बचत गटातल्या बाया तुमच्याशी कागदाबद्दल बोलणार आहोत. आयकर म्हटलं की तो शहरातल्या पगारदारांचा विषय, असं आपण म्हणतो. आम्हीही म्हणत होतो.

आमच्यातल्या एकीचे मालक मुकादम आहेत. गेले दोन हंगाम कारखान्याशी करार झाला तो तिच्या नावानं, तिच्या पॅनकार्डावर. सही केली आणि ती विसरून गेली. यंदा कर्जासाठी कागद काढायला गेलो, तेव्हा संगणकावर दिसलं : २०२४-२५ या वर्षात तिच्या पॅनवर ९ लाख रुपये जमा, त्यातले ९,००० कर म्हणून कापलेले. तिला घामच फुटला. म्हणाली, "नऊ लाख मी डोळ्यानं पाहिले नाहीत, आता कर कुठून भरू?"

हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. कंत्राटदार एकटी व्यक्ती असली की बिलातून १ टक्का कर आधीच कापून सरकारजमा होतो. यालाच टीडीएस म्हणतात. पॅन दिलाच नाही तर २० टक्के कापतात. पण ९ लाख ही काही तिची कमाई नव्हे. साडेसात लाख टोळीच्या मजुरीत गेले. हाती राहिलं ते दीड लाख कमिशन. त्या वर्षी नव्या कररचनेत ३ लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे कापलेले ९,००० तिचेच!

ते आपोआप परत येत नाहीत, ही खरी गोष्ट. विवरणपत्र भरून मागावे लागतात. २०२४-२५ चं उशिराचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर उशिराचा दंडही नाही. तिचं आम्ही भरलं. त्याच्या आदल्या वर्षीचे पैसे मात्र अडकलेत. त्यासाठी उशीर का झाला ते लिहून वेगळी परवानगी मागावी लागते.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. एक, काम ज्याचं, करार त्याच्याच पॅनवर. आपलं पॅनकार्ड म्हणजे रेशनकार्ड नव्हे, घरातल्या सगळ्यांनी वापरायला. दोन, उचल आणि मजुरी कोयत्यागणिक वहीत लिहा, सही-अंगठा घ्या, जमेल तितकी खात्यावर द्या. ती वही नसेल तर साडेसात लाख टोळीला दिले, हे कशावरून दाखवणार? तीन, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण मुकादमीचं कमिशन शेतीत धरत नाहीत. चार, पॅन आधारला जोडलेलं आहे ना, ते बघा.

ज्यांची पिठाची गिरणी, किराणा किंवा मसाल्याचं कांडप आहे, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या पैशांवर किमान ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. नफा जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा. खर्चाची एकेक पावती जपत बसायला नको. २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो. कर शून्य असला तरी विवरणपत्र उपयोगी पडतंच. बँक कर्ज देताना तेच मागते.

आमची मैत्रीण आता पैसे खात्यावर यायची वाट बघतेय. यंदाच्या करारावर सही करायच्या आधी तिनं तो कागद आमच्याकडून दोनदा वाचून घेतला. तुम्हीही घ्या.