मोकळा भूखंड घेण्यापूर्वी

(पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



तालुक्याच्या गावी, बाजारपेठेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर आपला एक मोकळा भूखंड असावा व सवडीने त्यावर घर उभे राहावे, ही आपल्याकडील सामान्य माणसाची जुनी आकांक्षा आहे. शाळा, दवाखाना व एस.टी. स्थानक जवळ हवे, म्हणून शेतकरी आणि निवृत्तीला आलेला नोकरदार असे दोघेही आपली पुंजी अशा जागेत घालतात. या इच्छेत गैर काहीच नाही. परंतु ती पुरी करताना जी घाई होते, तिच्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून गावालगत दोन गुंठे जागा घेतली. चुन्याने आखलेले रस्ते, कोपऱ्यांवर रोवलेले दगड, हाती नोटरीचा शिक्का असलेला मुद्रांक. सारे यथास्थित दिसत होते. बांधकामाची परवानगी मागावयास गेले, तेव्हा कळले की ती जमीन शेतीचीच आहे, आखणीला मंजुरी नाही आणि सातबारावर गुरुजींचे नाव नाही. विकणारा तोवर परगावी निघून गेला होता. गुरुजी मला म्हणाले, "पस्तीस वर्षे मुलांना वाचावयास शिकवले, स्वतःचा कागद मात्र वाचला नाही."

हा कागद वाचावा कसा?

पहिली गोष्ट दस्ताची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व नोंदणी अधिनियम, १९०८ यांनुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्त नोंदवावाच लागतो. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार होय. त्याने मालकी येत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा हाही मालकीचा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट जमिनीच्या वापराची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमीन अशी गुंठ्यागुंठ्याने विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले. हे निर्बंध व अकृषिक वापराचे नियम अलीकडे वेळोवेळी शिथिल झाले आहेत. परंतु कायद्यातील सवलत आपल्याच जागेला लागू आहे, हे विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तहसील कार्यालयातून समजून घ्यावे. मंजूर रेखांकनाची प्रत मागावी व आपल्या भूखंडाचा क्रमांक, रस्ता आणि खुली जागा तीत ताडून पाहावी. विकास योजनेत त्या जागेवर रस्ता वा शाळेचे आरक्षण नाही ना, हे नगरपालिकेत किंवा नगररचना कार्यालयात विचारावे. रेखांकनाची जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक असल्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील महारेराचा नोंदणी क्रमांकही पाहावा.

तिसरी गोष्ट विकणाऱ्याच्या हक्काची. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असेल, अथवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज व्यवहार करू नये. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे वा वारसांचे नाव आढळते. तो रकाना शेवटपर्यंत वाचावा. बहिणींची नावे मागील फेरफारात गळली आहेत काय, हेही पाहावे. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे सातबारावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. म्हणून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकडून घ्यावा.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष जागेची. कागदावरील हद्द आणि रोवलेला दगड जुळतातच असे नाही. भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्यावी. शक्य झाल्यास जागा भर पावसात पाहावी. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला तेव्हा आपली वाट दाखवतो. खरेदीनंतर फेरफार मंजूर होऊन आपले नाव लागेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

मित्रहो, हे सारे करावयास काही आठवडे लागतील, थोडे शुल्कही पडेल. "आजच इसार द्या, उद्या भाव वाढेल" असे विक्रेता म्हणेल. परंतु ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याला चौकशीचे भय नसते.

आपणांस एवढीच विनंती की, आपल्या गावालगतच्या कोणत्या गट क्रमांकांची रेखांकने मंजूर आहेत, त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. शिक्षकांनी ग्रामसभेत एकदा सातबारा फळ्यावर काढून त्याचा प्रत्येक रकाना समजावून द्यावा. गुरुजींची जागा आजही मोकळीच आहे. त्यांच्या शेजारी दुसऱ्या कोणाची पुंजी तशीच अडकू नये, इतके आपल्या हाती निश्चित आहे.